मुकी जनावरे

आपल्या मराठीची एक मोठी गंमत आहे. शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात ध्वनिदर्शक शब्दांची एक यादी असे. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, हत्ती चीत्कारतो, वाघ डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, बेडूक डरावतो, पारवा घुमतो. मोराचा केकारव आणि भुंग्याचा गुंजारव. दोन गुणांसाठी आम्ही ही यादी घोकून घोकून पाठ केली होती. माकडाचा ‘भुभुःकार’ हा शब्द मी त्या यादीबाहेर आजपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पण परीक्षेत तो हमखास येई! आणि इतक्या आवाजांना इतके निरनिराळे शब्द देणारी हीच भाषा त्या सगळ्यांना मिळून ‘मुकी जनावरे’ म्हणते. त्यांना मुके म्हणताना आपल्याला काही खटकतही नाही.

त्या यादीत म्हैसही होती. म्हैस रेकते. एवढेच. आमच्या घरी माझ्या जन्माआधीपासून म्हशी आहेत, त्यामुळे हा एक शब्द मला तेव्हाही अपुरा वाटे. आमची चंद्री (कपाळावर पांढरा चांद आहे म्हणून चंद्री) पाण्यासाठी रेकते ते वेगळे, कडब्याची पेंढी दिसल्यावर रेकते ते वेगळे, माजावर आल्यावर रेकते ते वेगळे आणि रेडकाला ओढून बाजूला बांधले म्हणजे रेकते ते तर अगदीच वेगळे. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून सांगते, “बघ गं, दावं गुतलंय तिचं.” जाऊन पाहावे तर दावे खरेच पायात गुंतलेले असते. आईची शाळा दुसरीत सुटली. ‘ध्वनिदर्शक शब्द’ असे काही असते हे तिला ठाऊक नाही.

यंदा भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी मानवी भाषेची वैशिष्ट्ये शिकवली. चार्ल्स हॉकेट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली एका लेखात अशी तेरा वैशिष्ट्ये मांडली होती. त्यांतले एक मला फार आवडले. आपल्या भाषेत क, म, ल या सुट्या ध्वनींना स्वतःचा काहीच अर्थ नाही. पण ते जुळवले की कमल होते, कलम होते. निरर्थकातून सार्थक! मोजक्या ध्वनींतून हजारो शब्द. प्राण्यांच्या ओरडण्यात ही सोय नसते, तिथे एक आवाज आणि एक अर्थ, असे आम्ही वहीत उतरवून घेतले. मग सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “उत्तरपत्रिकेत हेच लिहा. पण २०२४ साली देवमाशांविषयी एक निबंध प्रसिद्ध झालाय, तो कुणीतरी वाचा आणि मला येऊन सांगा.” वर्गात हशा पिकला. वाचायचे काम माझ्याकडे आले, कारण मी पहिल्या बाकावर बसते.

आता देवमाशाचा आणि माझा काय संबंध? आमचे गाव माण तालुक्यात. समुद्र राहू द्या, आमच्याकडे पाऊससुद्धा वाट चुकल्यासारखा येतो. देवमासा मला वर्तमानपत्रातूनच ठाऊक होता, तोही ‘व्हेल माशाची उलटी’ विकताना अमुक ठिकाणी इतक्या जणांना अटक, अशा बातम्यांतून. ती उलटी म्हणजे अंबर. अत्तरांच्या धंद्यात त्याला सोन्याचा भाव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याच्या व्यापाराला बंदी आहे, म्हणून ही धरपकड. हे अंबर ज्याच्या पोटात तयार होते तो स्पर्म व्हेल जातीचा देवमासा, आणि सरांनी सांगितलेला निबंधही नेमका त्याच्यावरच! ज्याच्या उलटीची किंमत आम्हांला पाठ, त्याच्या बोलण्याविषयी कुणी काही लिहिले असेल असे कधी मनातही आले नव्हते.

कॅरिबियन समुद्रात डोमिनिका नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथल्या समुद्रात या देवमाशांची कुटुंबे राहतात: आज्या, आया, मावश्या आणि पोरे. मोठे झालेले नर निघून जातात. शेन गेरो हे शास्त्रज्ञ २००५ पासून या कुटुंबांच्या मागावर आहेत. शेपटीच्या कडेवरच्या खाचांवरून ते एकेकाला ओळखतात, जसे आमचे आबा शिंगांच्या वळणावरून बाजारातली म्हैस ओळखतात. हे देवमासे ‘टक् टक्’ असा आवाज काढतात. खोल अंधाऱ्या पाण्यात भक्ष्य शोधताना त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून त्यांना पुढचे कळते. पण पृष्ठभागाजवळ एकत्र जमले की त्याच टकटकीची ते छोटी छोटी आवर्तने करतात. टक्… टक्… टक्टक्टक्. अशा एका आवर्तनाला ‘कोडा’ म्हणतात. आता लिहिला तो कोडा डोमिनिकाच्या बाजूच्या देवमाशांचा खास आपला आहे. दुसऱ्या समुद्रातल्या टोळ्यांचे कोडे निराळे. बोली बदलावी तसे.

असे ८,७१९ कोडे प्रत्युषा शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या हवाली केले. मे २०२४ मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. माणसाच्या कानाला जे सगळे सारखेच वाटे त्यात त्यांना १८ ठेके आणि ५ लयी सापडल्या. शिवाय समोरचा जसा लय लांबवील किंवा आखडील तशी आपलीही लय सरकवायची, आणि मधूनच शेवटी एक जादा ‘टक्’ जोडायचा, अशा दोन खुब्याही आढळल्या. ठेका, लय, लांबवणे आणि तो जादा ठोका ही सारी निरनिराळ्या प्रकारे एकमेकांशी जुळतात. म्हणजे पुन्हा आमचे कमल आणि कलम! हे मी वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणीला सांगत होते. तिचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ती म्हणाली, “यात काय अवघड आहे? एकच ठेका ठायीत वाजव, नाहीतर दुगुनीत.” मला जो परिच्छेद समजायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या तो तिला एका वाक्यात समजला.

या निबंधाचा गाजावाजा मात्र भलताच झाला. देवमाशांची बाराखडी सापडली, आता लवकरच आपण त्यांच्याशी बोलू, वगैरे. आता आपण त्यांच्याशी बोलू, असे लिहिणाऱ्यांनी स्वतः निबंधात म्हटलेले नाही. एकाही कोड्याचा अर्थ त्यांनी सांगितलेला नाही. मी पहिलीत असताना माझी आजी पाटी जवळ घेऊन बघत बसायची. ‘क’ निराळा आणि ‘ख’ निराळा हे तिला स्वच्छ दिसे. कुठला पुन्हा पुन्हा येतो हेही ती बोट ठेवून दाखवी. वाचता मात्र येत नसे. यंत्र आज साधारण आजीच्या जागी आहे. फरक एवढाच, की त्याला पाट्या हजारो मिळतात आणि त्याचे डोळे दुखत नाहीत.

यंत्र हे करते कसे याबद्दल मी थोडे वाचले. आवाजाचे आधी चित्र करतात. आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला स्वराची उंची. अशी हजारो चित्रे यंत्रापुढे ठेवली की कोणती एकमेकांसारखी आणि कोणती वेगळी हे ते शिकत जाते. माणसाच्या भाषा शिकलेल्या यंत्रांना अफाट छापील मजकूर वाचायला मिळाला. जनावरांची छापील पुस्तके नाहीत. म्हणून इथे आवाजाच्या चित्राबरोबर कुणीतरी हेही लिहून द्यावे लागते, की हा आवाज कुणी काढला, कुणाला उद्देशून काढला, त्या वेळी काय चालले होते आणि पुढे काय झाले. ते लिहून देणारा माणूस त्या जनावरांच्या सोबतीला राहिलेला असावा लागतो.

हत्तींचेच घ्या. त्यांचे पुष्कळसे बोलणे आपल्या कानांना ऐकूच येत नाही इतक्या खालच्या स्वरात चालते. १९८४ साली केटी पेन या बाईंना प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभे असताना हवेत नुसतीच एक थरथर जाणवली आणि तिथून हा शोध लागला. पुढे केनियातल्या अंबोसेली आणि सांबुरू इथल्या हत्तींचे आवाज वर्षानुवर्षे टिपले गेले. मायकेल पार्डो आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या ४६९ हाकांवर यंत्राची परीक्षा घेतली. प्रश्न असा, की नुसती हाक ऐकून ती कोणत्या हत्तीला मारली आहे हे ओळखता येईल का? यंत्राने २७.५ टक्के उत्तरे बरोबर दिली. आमच्या विद्यापीठात एवढ्या गुणांना नापास म्हणतात! पण आवाजाशी संबंध नसलेली माहिती देऊन तीच परीक्षा घेतली तेव्हा जेमतेम ८ टक्के जमली होती. म्हणजे हाकेत कुणाचे तरी नाव असावे. मग १७ हत्तींना त्या हाका ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्या. स्वतःला मारलेली हाक ऐकून ते लवकर जवळ आले, लवकर ओ दिली. दुसऱ्याला मारलेल्या हाकेकडे तितके लक्ष दिले नाही. २०२४ च्या जूनमध्ये हे प्रसिद्ध झाले. मी ते वाचले आणि माझ्या मनात पहिल्यांदा आले ते त्या टिपणवह्यांविषयी. उन्हात गाडी थांबवून, कोणी कोणाला हाक मारली हे ज्यांनी लिहून ठेवले त्या माणसांशिवाय यंत्राला शून्य गुण पडले असते.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी सुट्टीत घरी गेले आणि आईला डुकरांची हकीकत सांगितली. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी ४११ डुकरांचे ७,४१४ आवाज जमवले, जन्मल्यापासून कत्तलखान्यापर्यंतचे. एलोडी ब्रीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले. डुक्कर सुखात आहे की त्रासात आहे हे यंत्राने १०० पैकी ९२ वेळा बरोबर सांगितले. आईने ऐकून घेतले. म्हणाली, “याला मशीन कशाला पायजे? डुक्कर वरडाया लागलं की अख्ख्या गावाला कळतंय, त्याला दुखतंय म्हणून.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि गप्प बसले. कारण मला मागचा पावसाळा आठवला.

मागच्या पावसाळ्यात चंद्री व्याली. रेडकू चांगले होते, तिसऱ्या दिवशी गोठाभर उड्या मारीत होते. दादाने मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून मला पाठवलेही होते. त्यात ते आईच्या कासेला ढुशा देते आणि मधेच तोंड वर करून बारीक आवाजात ओरडते. आठव्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, याचा आवाज बिघडलाय, आतनं येईना. रेडकू पीत होते, उभे होते, अंग गरम नव्हते. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. पितंय ना, मग सकाळी बघू, असे उत्तर आले. आई पुन्हा म्हणाली, “आवो, आवाज बदललाय त्याचा.” पलीकडून फोन बंद झाला. त्यांचीही काही अडचण असेल. पावसात आमच्या वस्तीवर यायचे म्हणजे दोन ओढे ओलांडायचे. पहाटे रेडकू मेले.

डुकरांच्या खोकल्यावरून आजार आधीच ओळखणारी यंत्रे परदेशातल्या गोठ्यांत लागली आहेत. अशा यंत्राने त्या संध्याकाळी ‘आवाजात बिघाड, ९२ टक्के’ असे काही छापून दिले असते तर डॉक्टर आले असते काय? मला वाटते, आले असते. आईला जे कळले होते तेच यंत्र सांगणार, पण यंत्राचा आकडा फोनवर सांगता येतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कागदावरच्या शब्दाला किती वजन असते आणि तोंडच्या शब्दाला किती कमी, हे तहसील कचेरीपासून दवाखान्यापर्यंत मी आईच्या मागे उभी राहून पाहिलेले आहे. म्हणून ‘याला मशीन कशाला’ हे आईचे म्हणणे अगदी खरे असूनही मला पुरते पटत नाही. कळणाऱ्याला यंत्र नको आहे. ज्यांना कळून घ्यायचेच नाही त्यांच्यापुढे कळणाऱ्याला साक्षीदार लागतो.

पण त्या पावसाळ्यातली गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांच्यासाठी सांगते: रेडकाने तोंड लावल्याशिवाय पुष्कळशा म्हशी पान्हा सोडत नाहीत. आधी रेडकाला पाजायचे, पान्हा सुटला की त्याला बाजूला बांधायचे आणि धार काढायची. रेडकू मेले की म्हैस अडते. काही लोक चोरून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचतात. आईने ते कधी गोठ्यात येऊ दिले नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घ्यायचा, त्याला मीठ चोळायचे आणि ते म्हशीपुढे ठेवायचे. म्हैस चाटत राहते आणि दूध येते. चंद्रीपुढेही ते ठेवले. पहिले दोन दिवस तिने नुसते हुंगले आणि तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी चाटू लागली, पण दूध निम्मेच. डेअरीचे पैसे निम्मे झाले. माझ्या मेसचे पैसे त्यातूनच येतात, तेव्हा या हिशेबात मी बाहेरची नव्हे.

दादाला एक कल्पना सुचली. त्याने मोबाइलवरचे ते चित्रीकरण काढले आणि धारेच्या वेळी आवाज मोठा करून पेंढ्याच्या रेडकामागे ठेवले. मी त्या वेळी गणपतीच्या सुट्टीसाठी घरी होते. रेडकाचा आवाज झाला आणि चंद्रीचे दोन्ही कान एकदम पुढे आले. तिने पेंढ्याच्या रेडकाकडे पाहिलेसुद्धा नाही. मान वळवून ती गोठ्याच्या दाराकडे पाहू लागली, मग गव्हाणीकडे, मग पुन्हा दाराकडे. दावे ताणून तिने इतक्या हळू आवाजात साद घातली की तसली साद मी कधी ऐकली नव्हती. व्याकरणाच्या यादीत तिला शब्द नाही. आणि तिचा पान्हा सुटला. आईच्या हाताखाली कास भरून आली. दादा हसला, “बघ, म्हटलं नव्हतं?”

आई उठली. कासंडी तशीच होती. म्हणाली, “बंद कर त्ये.”

“अगं, दूध आलंय की!”

“बंद कर म्हंते न्हवं का. कातड्याला ती फसत न्हाई. तिला म्हाईत हाय, त्ये कातडं हाय. मीठ चाटती, माझा हात फिरतोय म्हणून दूध सोडती. आमचं दोघींचं ठरल्यालं हाय त्ये. आवाज ऐकून ती खरंच हुडकाया लागली.”

त्या दिवशी आईने धार काढली नाही. पुन्हा मोबाइल गोठ्यात आला नाही. दूध निम्मेच राहिले, पोळ्यापर्यंत.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. कातडे चालते आणि आवाज चालत नाही, हा भेद आईने कुठून आणला? दोन्ही फसवणूकच, असे कुणी म्हणेल. मीही आधी तसे म्हणून पाहिले. पण चंद्रीच्या वागण्यात हा भेद डोळ्यांना दिसत होता. कातडे चाटताना ती कधी दाराकडे पाहत नसे.

नंतर ग्रंथालयात अंबोसेलीच्या हत्तींविषयी वाचताना मला एक जुना प्रयोग सापडला. कॅरन मॅकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. हत्तिणी किती जणींचे आवाज ओळखतात हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्याजवळच्या ध्वनिमुद्रणांत एका हत्तिणीची हाक होती आणि ती हत्तीण मेली होती. तिच्या मरणानंतर तीन महिन्यांनी ती हाक तिच्या कुटुंबाला ऐकवली. त्यांनी ओ दिली. २३ महिन्यांनी पुन्हा ऐकवली, तेव्हाही दिली. निबंधात ही गोष्ट थोडक्यात येते, कारण मुद्दा स्मरणशक्तीचा आहे. मी मात्र त्या ओळीवर बराच वेळ थांबले. त्या गाडीत बसलेल्या माणसांनी ध्वनिक्षेपक बंद केल्यावर आपापसांत काय बोलणे केले असेल?

कारण आता नुसते ऐकण्यावर कुणी थांबणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलास्काच्या समुद्रात ट्वेन नावाची एक हंपबॅक जातीची देवमाशीण बोटीजवळ आली. शास्त्रज्ञांनी आदल्या दिवशी टिपलेली एक हाक पाण्याखालच्या ध्वनिक्षेपकावरून तिला ऐकवली. सुमारे २० मिनिटे त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाजवली आणि ट्वेन बोटीभोवती फिरत, त्यांच्या अंतराशी आपले अंतर जुळवत, उत्तर देत राहिली. शेवटी ती निघून गेली. या संभाषणात आपण तिला काय म्हणालो, हे म्हणणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते! आमच्याकडे तित्तिर धरणारे लोक पिंजऱ्यात पाळीव तित्तिर घेऊन जात. तो बोलला की रानातला उत्तर देत जवळ येई आणि फाशात सापडे. आवाज काढता येणे हे हत्यार आहे हे शिकाऱ्याला कधीपासून ठाऊक आहे. त्याला आवाजाचा अर्थ कळावा लागत नाही. आता तित्तिराऐवजी यंत्र येईल, आणि ते हव्या त्या जनावराचा, हवा तो, कुणीही कधीच न काढलेला आवाज तयार करू शकेल. शास्त्रज्ञांनाही ही धास्ती आहे. त्यांच्यातही यावर वाद चालू आहेत, हे चांगले आहे.

जनावराच्या तोंडी भाषा येण्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांत मोठी म्हणजे पैठणच्या रेड्याची. ज्ञानदेवांनी मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्या रेड्याची समाधी आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटे, रेडा बोललाच तर वेद कशाला बोलेल? आमचा रेडा असता तर आधी पाणी मागितले असते. पण त्याच गोष्टीचा एक तुकडा आजी नेहमी सांगे आणि पुस्तकात तो कधी असतो, कधी गाळलेला असतो. वेद बोलण्याआधी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले होते, आणि त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. आजी या ठिकाणी स्वतःच्या पाठीला हात लावून दाखवी. वेदांचे काय झाले ते ती दोन शब्दांत उरकून टाकी.

दिवाळीत मी मोबाइलवर देवमाशांचे कोडे घरी नेले. गोठ्यात नव्हे, सोप्यावर, मुद्दाम हळू आवाजात आईला ऐकवले. ती भांडी घासत होती. म्हणाली, “कोन खिळं ठोकतंय?” मला हसू आवरेना. कारण जुने खलाशी जहाजाच्या तळाशी हा आवाज ऐकत तेव्हा त्यांनाही हातोडीची ठकठक वाटे आणि म्हणून त्यांनी या देवमाशाला सुतार मासा असेच नाव पाडले होते. मी तिला सगळे सांगितले: बेट, कुटुंबे, ठेके, लय. आठ हजार सातशे एकोणीस या आकड्याचे तिला काही वाटले नाही. तिने विचारले, “पोरं दूध पित्यात का गं त्यांची?”

“पितात. मासा म्हणतात, पण म्हशीसारखंच दूध पाजतात.”

“मग आई कामाला गेल्यावर पोराजवळ कोन?”

मी म्हटले, आई खायला शोधायला खोल बुडी मारते, हजार हजार मीटर. पोराला तेवढे खोल जाता येत नाही. ते वरच राहते आणि दुसरी एखादी मादी त्याच्याजवळ थांबते. आई पाऊण तासाने वर येते.

आई हात धुऊन पदराला पुसत थोडा वेळ ऐकत राहिली. टक्… टक्… टक्टक्टक्.

“वर आल्यावर पयलं पोरालाच हाक मारत आसंल,” ती म्हणाली. “आनि ज्या बाईनं सांबाळलं तिला इचारत आसंल, रडलं का म्हणून.”

मग डेअरीची वेळ झाली. तिने कोपऱ्यातले पेंढ्याचे रेडकू काखेत घेतले, मिठाची डबी उचलली आणि गोठ्याकडे गेली.